तीन किलोंचा राखणदार

संध्याकाळी सातच्या सुमाराला लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीच्या गॅलरीत उभं राहावं. कुणी लसूण सोलत बसलेलं असतं, क्लासवरून आलेला मुलगा चपला काढत असतो, आणि कुठल्या तरी खोलीच्या उंबऱ्यावर पांढरा पॉम बसलेला असतो. पाहुणे येतात. ‘अय्या, किती गोड!’ म्हणत वाकतात आणि हात थेट त्याच्या डोक्यावर नेतात. त्या अर्ध्या मिनिटात कुत्रा काय करतो, हे नीट बघण्यासारखं असतं. आधी तो मान वळवतो. समोर खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवतो. कान मागे जातात, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसू लागतं, पुढचा एक पाय किंचित उचलला जातो. हात येतच राहतो, तेव्हा तो गुरगुरतो. घरातली सगळी हसतात. ‘एवढासा जीव, पण राग बघा त्याचा!’ पाहुण्यांनाही गंमत वाटते, हात आणखी पुढे जातो, आणि मग दात लागतो.

त्या उंबऱ्यावर अल्सेशियन असता तर तो नुसती मान वळवून ताठ झाला, एवढ्यावरच पाहुणे जिन्यात थांबले असते. दोन्ही कुत्रे एकच गोष्ट सांगत होते. एकाचं आपण ऐकलं, दुसऱ्याला हसलो. लहान जातीच्या कुत्र्यांवर ‘चावरा’, ‘भुंक्या’, ‘डोक्यावर बसलेला’ असे जे शिक्के बसतात, त्यांतले बरेचसे या हसण्यातून तयार होतात, असं माझं ठाम मत आहे. चार-पाच इशारे देऊनही कुणी दाद देत नाही, हे कुत्रा लवकर शिकतो. मग तो मधल्या पायऱ्या गाळतो आणि थेट दातांवर येतो. घरचे म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’

या शिक्क्यांमागे तथ्य नाही असं मात्र नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेम्स सर्पेल यांनी सहकाऱ्यांबरोबर कुत्रेमालकांकडून सविस्तर प्रश्नावल्या भरून घेतल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माणसांवर धावून जाण्यात वरच्या क्रमांकावर होते डॅक्सहुंड, चिहुआहुआ आणि जॅक रसेल टेरियर. तिन्ही जाती बुटक्या. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, व्हिएन्नातल्या संशोधकांनी १,२०० हून अधिक मालकांना विचारून प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. लहान कुत्र्यांचे मालक त्यांना कमी शिकवतात, आज एका गोष्टीला ओरडतात आणि उद्या तीच चालवून घेतात, त्यांच्याबरोबर खेळतात-हिंडतातही कमी, असं त्यात दिसलं. शिक्षा वारंवार होत असेल तर लहान कुत्रे अधिक घाबरट होतात, हेही त्यात आढळलं. मालकांच्या सांगण्यावरून काढलेले निष्कर्ष म्हणून त्यांना मर्यादा आहेत, आणि काही जातींच्या रक्तातच तिखटपणा असतो हेही खरं. पण लालबागमध्ये जे डोळ्यांना दिसतं, ते या दुसऱ्या अभ्यासाशी फार जुळतं. पंचवीस किलोंचा कुत्रा अंगावर उडी मारतो तेव्हा त्याला शिकवावंच लागतं. तीन किलोंचा मारतो तेव्हा आपण त्याला उचलून घेतो.

लालबाग-परळच्या या गिरणगावात हे लहान कुत्रे आले तरी कधी? चाळीत कुत्रा तसा नवा नाही. चौकातला मोती, जिन्याखालचा काळू हे सगळ्या चाळीचेच असत. खोलीत, कॉटवर, नाव ठेवून वाढवलेला कुत्रा आला तो मुख्यतः पॉमेरियनच्या रूपाने, आणि आपण ज्याला पॉमेरियन म्हणत आलो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ होता. जर्मन स्पिट्झपासून इंग्रजांच्या काळात इथे तयार झालेला, आपलं हवामान सोसणारा, दूधभातावर निभावणारा. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने त्याला घराघरांत नेलं, त्यानंतर लालबाग-परळमध्ये टफी नावाचे किती कुत्रे झाले असतील, कोण जाणे. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांची हौस सुरू झाली. आता जिकडेतिकडे शित्झू दिसतो. खरे बटू, म्हणजे तीन किलोंच्या आतबाहेरचे चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरियर आणि खरा छोटा पॉम, टॉवर उभे राहिल्यापासून दिसू लागले.

खरा पॉमही मुळात एवढा लहान नव्हता. उत्तर युरोपातल्या बऱ्याच मोठ्या स्पिट्झ कुत्र्यांचा तो वंशज. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाचा छोटा पॉम घेतला, आणि तिच्या हौसेमुळे लहानांतले लहान निवडून पैदास करण्याची लाट आली. लहान अंगाची जनुकीय चावी मात्र फार जुनी आहे. वाढीशी संबंधित आयजीएफ-१ या जनुकाचा लहान कुत्र्यांशी संबंध २००७ मध्ये सिद्ध झाला, आणि २०२२ मध्ये त्याच भागातला लहान अंगाचा बदल सायबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यात सापडला. म्हणजे माणसाने कुत्रा पाळण्याच्याही आधीपासून ही शक्यता रक्तात होती, माणसाने ती निवडून वाढवली. शरीर आक्रसलं. राखण करणं, वास घेणं, अनोळखी पावलाची वर्दी देणं हे सगळं तसंच राहिलं. गॅलरीतून टपालवाला गेला की पॉम भुंकतो तो राखणदार म्हणूनच भुंकतो. त्याला खेळणं समजणाऱ्यांना ते भुंकणं आगाऊपणा वाटतं.

शरीर आक्रसल्याची किंमत मात्र कुत्रा मोजतो, आणि काळजी घेणाऱ्याचं खरं काम तिथे सुरू होतं.

पहिली गोष्ट साखर. बटू जातीच्या पिल्लाच्या यकृतात साठा नसल्यासारखाच असतो. तीन-चार महिन्यांपर्यंत पिल्लू पाच-सहा तास उपाशी राहिलं, गारठलं किंवा प्रवासाने दमलं तर रक्तातली साखर घसरते. ते झोकांड्या खातं, लुळं पडतं, कधी झटके येतात. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला घालणं हाच त्यावरचा उपाय. पिल्लू लुळं पडलं तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं, ऊब द्यायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांत हे जास्त होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा नियम २०१७ पासून आहे, पण ‘जितकं लहान तितकं महाग’ हा बाजाराचा हिशेब त्या नियमाला दाद देत नाही. ‘टीकप’ नावाने जे विकलं जातं ती कुठलीही मान्य जात नाही. पुष्कळदा ते अशक्त, वाढ खुंटलेलं किंवा वय चोरून सांगितलेलं पिल्लू असतं. पैसे मोजणाऱ्यांनी पिल्लाची आई बघायचा हट्ट धरावा, वजन कमी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी गोष्ट हाडं. या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीहून जाड नसतात, आणि मनगटाच्या वरच्या भागात रक्तपुरवठा कमी असल्याने ती मोडली तर सांधायलाही त्रास देतात. चाळीच्या खोलीत कॉट उंच असते, कारण तिच्याखाली संसार असतो: पत्र्याच्या पेट्या, पिंप, गणपतीचं मखर. त्या कॉटवरून किंवा लहान मुलाच्या कडेवरून मारलेली उडी एवढं कारण पाय मोडायला पुरतं. कॉटच्या कडेला एखादी जुनी पेटी पायरी म्हणून ठेवली तर हा अपघात टळतो. मुलांनी कुत्र्याला उचलायचं नाही, जमिनीवर बसून मांडीत घ्यायचं, हा नियम घरात असावा. मागच्या पायाची वाटी सरकणं हाही या जातींचा ठरलेला आजार. पळता पळता कुत्रा दोन पावलं तीन पायांवर टाकतो आणि पुन्हा नीट चालतो, ते बघून लोकांना तो नखरा वाटतो. गुडघ्याची वाटी जागची हललेली असते.

गळ्यात पट्टा बांधून साखळी ओढणं या कुत्र्यांसाठी वाईटच. श्वासनलिकेची कडी नाजूक असतात, वयाबरोबर नलिका चपटी होत जाते आणि कुत्रा घोगरा, भोंग्यासारखा खोकतो. छातीभोवतीचा हार्नेस वापरावा. लालबागमध्ये याला एक खास जोड आहे. मार्च ते मे मसाल्याचा हंगाम. मिरची गल्लीच्या बाजूला कांडप सुरू झालं की माणसांनाही ठसका लागतो. ज्या कुत्र्याची श्वासनलिका आधीच अशक्त, त्याला त्या हवेत फिरवणं म्हणजे खोकल्याला आमंत्रण. त्या दिवसांत पहाटे, कांडप सुरू व्हायच्या आत फिरवून आणावं.

खाण्याच्या बाबतीत आपलं प्रेम हाताबाहेर जातं. तीन किलोंच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण २५० कॅलरी लागतात. चहाबरोबरच्या एका ग्लुकोज बिस्किटात २५च्या आसपास असतात. आजोबांनी दोन, शेजारच्या काकूंनी एक, शाळेतून आलेल्या नातीने एक, अशी चार बिस्किटं झाली की दिवसाच्या खाण्यातला चाळीस टक्के वाटा गेला, आणि पोषण काहीच मिळालं नाही. चाळीत प्रत्येक दारात कुत्र्याचे लाड होतात, त्यामुळे हे गणित सगळ्या मजल्याला सांगावं लागतं. कांदा-लसूण, द्राक्षं-मनुके, चॉकलेट हे कुत्र्याला विष. आणि तीन किलोंच्या अंगाला ते फार थोडं पुरतं. दिवाळीत फराळाचं ताट खाली ठेवलेलं असतं, त्यात कांदा-लसणाच्या शेवेपासून मनुक्यांच्या लाडवापर्यंत सगळं असतं. तळकट खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेले कुत्रे सणाच्या दुसऱ्या दिवशी उलट्या करत दवाखान्यात येतात.

दातांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. डोबरमनच्या जबड्यात ४२ दात, चिहुआहुआच्या जबड्यातही ४२च. दाटीवाटीने वाढतात, दुधाचे सुळे पडत नाहीत, अन्न अडकतं, हिरड्या सडतात. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे दिसत असतील तर ते काढून घ्यावे लागतात. रोज कुत्र्यांच्या पेस्टने दात घासावेत. आपली पेस्ट वापरू नये, कारण ती तो गिळतो. तोंडाचा वास येतो म्हणून त्याला कॉटवरून खाली उतरवणारी घरं मी पाहिली आहेत. त्या कुत्र्याचे दात दुखत असतात, आणि दुखणाऱ्या तोंडाला हात लावला की तो चावतो. तिथेही ‘स्वभाव बिघडला’ असंच म्हटलं जातं.

दुखणं आणि स्वभाव यांची ही गाठ सोडवायला जाणकार डॉक्टर लागतो, आणि त्या बाबतीत लालबाग नशीबवान आहे. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. १८८३ साली, प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १८७४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभारलेलं. १८७४ मध्येच मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या होत्या. कापसाच्या गाठी ओढणारे बैल, ट्रामचे घोडे, टांग्यांची जनावरं हे इथले पहिले रुग्ण. पेटिट स्वतः गिरणीमालक, त्यामुळे गिरण्यांचा पैसा आणि गिरण्यांच्या मालाखाली वाकलेली जनावरं दोन्ही या आवारात भेटली. शेजारी १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ज्या दवाखान्याची आखणी बैल आत शिरेल अशा हिशेबाने झाली, तिथे आज कापडी पिशवीतून डोकं बाहेर काढलेला शित्झू आणि टॉवेलात गुंडाळलेला पॉम असतो. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालयही सुरू झालं. भुंकणं वाढलं, चावणं सुरू झालं, की आधी इथे नेऊन दात, कान, गुडघा, पाठ तपासून घ्यावी. शिकवणी त्यानंतर.

आता घराविषयी. कुत्र्याच्या मनाची जडणघडण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात होते. या दिवसांत त्याने जितकी वेगवेगळी माणसं, आवाज, वास अनुभवले तितका तो पुढे निर्धास्त. हे बघता चाळीची गॅलरी ही फार चांगली शाळा आहे. भाजीवाला, केबलवाला, काठी टेकत येणाऱ्या आजी, क्रिकेट खेळणारी पोरं, तळमजल्यावर करवत चालवणारा सुतार, शेजारच्या सुक्या बोंबलाचा वास हे सगळं एका दिवसात भेटतं. चाळीत जे मिळत नाही ते म्हणजे आडोसा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, दार सदा उघडं; कुत्र्याला एकटं राहायचं असेल तर जागा नाही. कॉटखालचा एक कोपरा, एखादं खोकं आणि जुनी चादर, एवढं त्याचं म्हणून राखून ठेवावं, आणि तिथे गेलेल्या कुत्र्याला कुणीही ओढून काढू नये. मी पाहिलेल्या घरांत चावणं कमी होण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय हाच ठरला.

पुनर्विकासात चाळी पडतात, घरं बाविसाव्या मजल्यावर जातात आणि गणित उलटं होतं. आडोसा भरपूर मिळतो, सोबत जाते. ज्या पॉमच्या दारावरून दिवसभरात पन्नास माणसं जात होती, तो बंद दाराआड आठ तास एकटा बसतो. लिफ्टचा आवाज आला की भुंकतो, सोसायटीत तक्रार जाते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला प्राणी पाळण्यावर किंवा त्यांना लिफ्टमधून नेण्यावर बंदी घालता येत नाही, आणि हे मालकाने जाणून असावं. पण नियम दाखवून कुत्र्याचा एकटेपणा जात नाही. कुत्र्याला पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू एकटं राहायची सवय लावावी. रोज जमिनीवर उतरवून, हुंगत हुंगत अर्धा तास चालू द्यावं. कडेवर घेऊन फिरवणं हा व्यायाम नव्हे; त्याचं वर्तमानपत्र खांबांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर लिहिलेलं असतं.

पावसात मात्र चालण्यावर बंधन घालावं लागतं. हिंदमाता चौक तुंबला की परळपासून चिंचपोकळीपर्यंत उंदरांच्या मुताचं पाणी रस्त्यावर असतं, आणि ज्याचं पोट जमिनीपासून वीतभर उंच त्याला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धोका मोठा. लेप्टोची लस दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी. रेबीजची तिसऱ्या महिन्यापासून. ‘घरातच तर असतो’ म्हणून ती टाळणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. मे महिन्यात चपट्या नाकाच्या पगची आणि शित्झूची तब्येत जपावी. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि मुंबईच्या दमट हवेत जिभेवरच्या ओलीची वाफ नीट होत नाही. उन्हात नेऊ नये, हिरड्या गडद लाल दिसल्या की साध्या पाण्याने अंग भिजवून, पंखा लावून दवाखाना गाठावा.

आणि गणपती. ‘लालबागच्या राजा’चे ते दहा दिवस म्हणजे रात्रंदिवस गर्दी, भोंगे, ढोल-ताशे, विसर्जनाला फटाके. आपल्याला जो आवाज अंगावर रोमांच आणतो तो कुत्र्याच्या कानाला मारतो. दर्शनाच्या रांगेच्या कडेने खांद्यावर चिहुआहुआ घेऊन फिरणारी मुलं दिसतात, त्यांना विनंती आहे की असं करू नका. थरथरणं, जांभया, पाणी न पिणं ही भीतीची लक्षणं आहेत. आतली खोली, बंद खिडकी, पंख्याचा किंवा टीव्हीचा एकसुरी आवाज, जवळ बसलेलं घरचं माणूस यांनी बराच फरक पडतो. ज्यांना फारच त्रास होतो त्यांना डॉक्टर औषध देतात, पण ते महिनाभर आधी विचारावं लागतं. गळ्यात फोन नंबरची पट्टी असावी, कारण घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून गर्दीत नाहीसा होतो.

त्याच दहा दिवसांत निम्मं लालबाग कोकणात असतं. रेल्वेत कुत्र्याला नेणं सोपं नाही: गार्डच्या डब्यातल्या पेटीतून, नाहीतर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित कूपेत. म्हणून कुत्रा शेजारी राहतो, आणि इथे चाळीचा जुना रिवाज अजून टिकून आहे. तुमचा टफी आमच्याकडे, मे महिन्यात आमची कोको तुमच्याकडे. लहान जाती चौदा-पंधरा वर्षं जगतात, त्यामुळे या देवाणघेवाणीतले बरेच कुत्रे म्हातारे असतात, आणि म्हाताऱ्या लहान कुत्र्याच्या हृदयाची झडप गळू लागणं फार आढळतं. शेजारणीला किल्लीबरोबर औषधाच्या वेळाही लिहून द्याव्यात आणि एक गोष्ट शिकवून ठेवावी: तो गाढ झोपलेला असताना छातीचं वर-खाली होणं मिनिटभर मोजायचं. ३०च्या खाली असेल तर ठीक. तीच संख्या वारंवार ३०च्या वर जाऊ लागली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, आणि गावी कळवायचं ते त्यानंतर.